थीम आधी, की लेकरांचा हात आधी?

वाचकाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या व्हायोलिनमध्ये विशारद आहेत. शिक्षण नागपुरात झालं, लग्नानंतर गावी आल्या आणि आता शाळेच्या एका खोलीत व्हायोलिनचा वर्ग चालवतात. वर्गात १८ मुलं आहेत. निम्मी यंदाच आली आहेत, बाकीची प्रारंभिक आणि प्रवेशिका या सुरुवातीच्या परीक्षांची, तर दोन मुली त्यापुढच्या मध्यमा प्रथमच्या तयारीत आहेत. जानेवारीत शाळेच्या पटांगणावर वर्गाचा पहिला जाहीर कार्यक्रम आहे आणि नागपूरचे गुरुजी प्रमुख पाहुणे म्हणून येणार आहेत. इटालियन संगीतकार विवाल्दीच्या 'चार ऋतूं'वरची एक पाश्चात्त्य मैफल मोबाइलवर पाहून ताईंनी 'ऋतुचक्र' अशी थीम योजली: सहा ऋतू, सहा राग. संस्थेच्या सचिवांना मात्र 'शेतकऱ्याची व्यथा' हा विषय हवा आहे. व्हायोलिन दुःखाला शोभतं, पेपरात बातमीही येईल, असं त्यांचं म्हणणं. पालक म्हणतात, सिनेमाची गाणी बसवा. सासरे रियाज ऐकून विचारतात, "हे वाजून राह्यलं का रडून राह्यलं, सूनबाई?" ताई लिहितात: "गावाला शास्त्रीय कळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण थीम घट्ट असली तर लोक निदान गंभीरपणे ऐकतील. गुरुजींसमोर नुसती गाण्यांची माळ लावायची मला लाज वाटते. कोणती थीम घेऊ?"

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात रागांची यादी आहे, पाहुण्यांची आहे, सजावटीचीही आहे. कोणत्या मुलाला आज काय वाजवता येतं, ती यादी मात्र नाही. आधी ती करा. एका वहीत मुलाचं नाव आणि त्यापुढे एकच गोष्ट लिहा: दहा अनोळखी माणसांसमोर, मध्ये न थांबता, हा काय वाजवू शकतो? वर्गात येतं ते इथे धरायचं नाही. वर्गात तुमचं बोट पुढे असतं, मान हलते, चुकलं की तुम्ही सूर देता. मंचावर यातलं काही नसतं. म्हणून मुलाने मंचावर सध्याच्या परीक्षेचा राग वाजवू नये, आधीच्या परीक्षेतला, हाताखालून गेलेला वाजवावा, असं माझं ठाम मत आहे. मध्यमेची तयारी करणाऱ्या तुमच्या मुली प्रवेशिकेतला भीमपलासी वाजवतील तेव्हा त्यांना तो सांभाळावा लागणार नाही, त्या तो खुलवतील. प्रवेशिकेच्या मुलाने भूप किंवा दुर्गा घ्यावा. यंदाच आलेल्यांना सुटी तार सरळ गजाने (बोने) लांब वाजवता आली तरी भरपूर झालं. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

ही वही समोर ठेवून 'ऋतुचक्र'कडे पाहा. तुम्ही घेतलेली जोडी जुन्या रागमाला-चित्रांच्या परंपरेतली आहे: वसंताला हिंडोल, ग्रीष्माला दीपक, वर्षेला मेघ, शरदाला भैरव, हेमंताला श्री, शिशिराला मालकंस. चित्रांत ती फार सुंदर दिसते. पण यातला कोणता राग तुमच्या मुलांच्या हातात आहे? दीपकाचं आज सर्वमान्य असं रूपच प्रचारात नाही. श्री रागातली कोमल रिषभ ते पंचम ही जागा मोठमोठ्यांची परीक्षा घेते. भैरव सकाळचा, तो तुम्ही रात्री सात वाजता लावणार. आणि ऋतूचे राग त्यांच्या ऋतूत कोणत्याही प्रहरी चालतात हे खरं असलं, तरी त्यासाठी ऋतू तर हवा! पौषाच्या थंडीत, शाली गुंडाळून बसलेल्या माणसांना मेघ ऐकवायचा तर आधी पाऊस शब्दांत आणावा लागेल. म्हणजे पुन्हा निवेदन, आणि तेही लांब.

विवाल्दीचा दाखला तुम्ही दिला आहे, तर तिथे काय आहे तेही पाहू. ते चार कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या रचना) १७२५ मध्ये आम्स्टरडॅममध्ये छापले गेले. प्रत्येकासोबत एक सुनीत होतं आणि स्वरलिपीत जागोजागी खुणा होत्या: इथे पक्षी, इथे भुंकणारा कुत्रा, इथे बर्फावरून जपून टाकलेलं पाऊल. तिथे ऋतू नुसता नावात नाही, सुरांतच उतरलेला आहे. आपण आधी नाव ठरवतो आणि मग मुलांच्या हातात नसलेले सूर त्याखाली भरायला जातो, तेव्हा उलट घडतं. तुमची कल्पना टाकाऊ नाही. पाच वर्षांनी, हीच मुलं मोठी झाल्यावर, भर आषाढात मल्हाराच्या दोन प्रकारांचा छोटा कार्यक्रम जरूर करा. या जानेवारीत नको.

आता सचिवांच्या विषयाबद्दल. इथे मी मध्यममार्ग सुचवणार नाही. 'शेतकऱ्याची व्यथा' नको.

सचिवांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. आपल्या भागावर जे गुजरलं आहे त्याबद्दल बोललं पाहिजे, हे मलाही मान्य आहे. पण त्या पटांगणात कोण बसणार आहे? ज्यांचं सोयाबीन पावसात काळं पडलं, ज्यांच्या कपाशीवर बोंडअळी आली, ते बसणार आहेत. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरची बाईही बसणार आहे. तिचंच लेकरू तुमच्या वर्गात असू शकेल. त्या लेकराच्या हातात गज द्यायचा आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर त्याच्याच घरचं दुःख त्याच्याकडून वाजवून घ्यायचं? टाळ्या पडतील, बातमीही येईल. दुसऱ्या दिवशी ते पोर शाळेत येईल तेव्हा सगळ्यांना त्याचा बापच आठवेल. एखादी प्रौढ कलाकार स्वतः ठरवून या दुःखावर रचना करते, ती गोष्ट वेगळी. दहा वर्षांच्या मुलांवर ते ओझं लादू नका. गावातली माणसं कामधंदा उरकून, चांगले कपडे घालून आपलं लेकरू पाहायला येणार आहेत. त्यांना त्या संध्याकाळी आनंद मिळण्याचा हक्क आहे.

सचिवांना हे मंचावर किंवा बैठकीत सांगू नका, घरी चहाला बोलावून सांगा. "मुलं लहान आहेत, विषय पेलणार नाही," एवढं पुरे. सोबत त्यांना काहीतरी द्या. प्रास्ताविक त्यांनी करावं, त्यात गावाबद्दल, शेतीबद्दल पाच मिनिटं मनापासून बोलावं.

आणि व्हायोलिन दुःखाचंच वाद्य, हा समज सासऱ्यांचा असो की सचिवांचा, त्याला कारण आहे. सिनेमात कुणी गेलं की मागे व्हायोलिनचा ताफा सुरू होतो. गावाने व्हायोलिन ऐकलं ते बहुतेक तेवढंच. पण याच वाद्यावर पंडित गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांनी ख्याल वाजवला, आणि ते स्वतः उत्तम गवई होते. डॉ. एन. राजम यांनी गायकी अंगाने त्यावर अक्षरशः गाऊन दाखवलं. गळ्यातली मींड, हरकत, शब्दाचा उच्चार हे सगळं गजातून निघतं, आणि हसरं, खेळकरही निघतं. सासऱ्यांशी वाद घालू नका. मध्य लयीतला दुर्गा, झपतालातली एखादी गत त्यांच्या कानावर पडू द्या. दुसरी एक शक्यताही मोकळेपणी तपासा: घरात ऐकू येणारा रियाज सतत विलंबित, करुण रागांचाच तर नसतो?

आता तुमच्या पत्रातलं वाक्य: 'गावाला शास्त्रीय कळत नाही.' ताई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

रागाचं नाव सांगता येणं म्हणजे कळणं असेल, तर नसेल कळत. पण वऱ्हाडातल्या खेड्यात कान नाही, हे मी मानणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन हा सगळा मुलूख गाता केला. अजून कितीतरी गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. तिथे पेटीवाल्याने सूर चुकवला तर मागच्या रांगेतला म्हातारा मान वर करून बघतो. कार्तिकात काकडा असतो, सप्ताहात हरिपाठ असतो. तिकडे वडसा, ब्रह्मपुरीच्या बाजूला झाडीपट्टीची नाटकं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, आणि लोक थंडीत ब्लँकेट घेऊन बसतात. एवढा वेळ बसू शकणाऱ्या माणसांना 'गंभीरपणे ऐकायला लावायला' थीम लागत नाही. त्यांना ओळखीचा एक धागा लागतो. तो एकदा हाती आला की ती तुमच्या मागे बरीच दूर येतात.

तो धागा कोणता? मी सुचवते ती थीम तुमच्या गावात रोज घडते: संध्याकाळ.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. कार्यक्रम पाचला सुरू करा, उघड्या पटांगणात, मांडवाची पश्चिमेची बाजू मोकळी ठेवून. पहिला भीमपलासी, उन्हं कललेली असताना. तुमच्या मध्यमेच्या मुलींपैकी एक तो वाजवेल. मग सूर्य टेकत असताना तुम्ही स्वतः वाजवा, दहा मिनिटं, जास्त नाही. तुमच्या मनात कदाचित मारवा येईल. तो घेऊ नका, पूरिया धनाश्री घ्या. याचं एक साधं कारण आहे. मारव्यात पंचम वर्ज्य आहे आणि पूरिया धनाश्रीत पंचम भक्कम आहे. यंदा आलेल्या त्या नऊ मुलांना मी इथेच बसवणार आहे. सगळ्यांच्या तारा सा-प-सा-प अशा एका सुरात लावा आणि त्यांना फक्त सा आणि प, लांब गजाने, हळू, आळीपाळीने वाजवू द्या. तोच तुमच्या आलापाखालचा तानपुरा. मुलाला वाटेल मी ताईंबरोबर वाजवतोय, आणि ते खरंच असेल. आईबापांना लेकरू दिसेल आणि कार्यक्रमाची सगळ्यात सुरेल जागा नवशिक्यांच्या हातून घडेल. मारवा घेतलात तर त्यांचा प रागाच्या आड येईल.

दिवे लागले की यमन, दोन-तीन मुलांनी मिळून. त्यानंतर भूप आणि लगेच दुर्गा. हे दोघे शेजारी ठेवायला मला फार आवडतं. भूपाचे पाच स्वर सा रे ग प ध. दुर्गाचे सा रे म प ध. एका गंधाराच्या जागी मध्यम आला की सगळं घर बदलतं. एका मुलाने दोन्ही सरगमी नुसत्या वाजवून दाखवाव्यात, एवढंच. फरक सांगावा लागणार नाही, ऐकू येईल. पुढे रात्र झाली की देस, मग मध्यमेच्या दुसऱ्या मुलीची बागेश्री आणि शेवटी भैरवीत एक धून, सगळ्यांनी मिळून. भैरवी मूळची सकाळची असली तरी मैफल तिने संपवण्याची रीत आहेच. बागेश्रीच्या वेळी तानपुरा पंचमाऐवजी मध्यमावर लावा, छोट्यांचं सा-प तिथे थांबवा. तोवर ते आईच्या मांडीवर पेंगत असतील. भीमपलासी आणि बागेश्री मात्र एकाच मुलीला देऊ नका. दोन्ही काफी थाटाचे, दोन्हींत गंधार-निषाद कोमल. घाबरलेला हात एकातून दुसऱ्यात कधी घसरतो ते कळत नाही.

एक अडचण दिसते. पाच वाजता कापूस वेचून बाया परतलेल्या नसतात. मुलांच्या आयांनाच विचारा. तुमच्या गावी बाजाराच्या दिवशी शेताला सुट्टी असेल तर तो दिवस धरा. नसेल तर भीमपलासी सोडा, साडेपाचला थेट पूरिया धनाश्रीने सुरुवात करा. आणि गावात प्रार्थनेची वेळ ठरलेली असेल तर तिच्यावर कार्यक्रम ओढू नका. उलट मंडळाला बोलवा. दिवेलागणीला त्यांची प्रार्थना पटांगणातच होऊ द्या, तुमची दोन मुलं पेटीच्या सुरात सूर मिळवून साथ करतील. याहून चांगला दुवा तुम्हाला निवेदनातून मिळणार नाही.

सिनेमाच्या गाण्यांना तुम्ही घाबरू नका. यमन, देस, भैरवीत मराठी-हिंदी गाणी मुबलक आहेत. आधी राग वाजला की त्याच मुलाने त्याच रागातल्या गाण्याचं एक कडवं वाजवावं. लोक ओळखतील, गुणगुणतील. मात्र अशी दोनच गाणी घ्या, म्हणजे कार्यक्रमाचा रोख बदलणार नाही. गुरुजींना त्यात कमीपणा वाटेल, ही भीती तुमची आहे, त्यांची नव्हे, असं मला वाटतं. पत्रात गुरुजी पुन्हा पुन्हा येतात. लग्नानंतर माझं शिक्षण वाया गेलं नाही, हे त्यांना दाखवायचं आहे ना? ते मी समजू शकते. पण ते मुलांच्या राग निवडीतून दाखवू नका, मुलांच्या गजातून दाखवा. जाणता गुरू पहिल्यांदा हेच पाहील की नऊ लहान मुलांचे गज एका दिशेला, एका दाबाने फिरतात की नाही, आणि सा खरा लागतो की नाही. शक्य असेल तर यादी त्यांना आधी फोनवर ऐकवा आणि सल्ला विचारा. पाहुणा आधीच सहभागी झाला की परीक्षक राहत नाही.

अशाच पेचात असलेल्या इतर शिक्षकांसाठी थोडं. संध्याकाळ सगळ्यांना जमेल असं नाही. बंद सभागृह असेल, सकाळची वेळ असेल. सकाळी अहिर भैरव, तोडी येणारी मुलं नसतील तर 'पाच स्वर' ही थीम घ्या, औडुव रागांचीच. किंवा एकाच तालाची: सगळ्या रचना झपतालात, आणि सुरुवातीला श्रोत्यांकडूनच दहा मात्रांची टाळी-खाली धरून घ्या. फाल्गुनात होणार असेल तर काफीतल्या होऱ्या आहेत. भुलाबाईची गाणी व्हायोलिनवर फार गोड वाजतात, पण ती कोजागिरीपर्यंतच्या दिवसांत ठेवा. नियम एवढाच, की थीमचं नाव पत्रिकेवरून खोडलं तरी कार्यक्रमाचा क्रम श्रोत्याला जाणवला पाहिजे.

आता कामाच्या गोष्टी. कार्यक्रम आटोपशीर ठेवा, लांबवू नका, आणि सत्कार शेवटी. आधी घेतलेत तर संध्याकाळ निघून जाईल. निवेदन मुलांनीच करावं, एकेका रचनेला दोन वाक्यं, घरच्या बोलीत. "आता दिवस बुडाची वेळ झाली. यावेळचा हा राग आहे, आमच्या ताई वाजवतात," बस्स. आरोह-अवरोह, वादी-संवादी मंचावरून सांगू नका.

तबल्याला गावच्या भजनी मंडळातले भाऊ चालतील. त्यांचा केरवा आणि दादरा पक्का असतो, पण त्रिताल आणि झपतालासाठी त्यांच्यासोबत किमान तीन तालमी करा, आणि लहान मुलांच्या धुनी केरव्यातच बसवा. साउंडवाल्याला आदल्या दिवशी भेटा. डीजेची पेटी असली तर तो सवयीने एको लावेल आणि व्हायोलिनची धार कर्कश होईल. एको पूर्ण बंद, वरची पट्टी कमी, आणि माइक वाद्याला चिकटवून न ठेवता हातभर वर, वाद्याकडे झुकवलेला. वीज गेली तर थांबू नका. मुलांना श्रोत्यांच्या मध्ये आणून सतरंजीवर बसवा आणि वाजवायला लावा.

आणि थंडी. दिवस मावळला की पटांगणातला गारवा झपाट्याने वाढतो, धातूच्या तारा चढतात, कोरड्या हवेने खुंट्या सैल होतात. सगळी वाद्यं कार्यक्रमाच्या तासभर आधी पेटीबाहेर काढून मांडवातच ठेवा, मगच लावा. घसरणाऱ्या खुंटीला थोडा खडू चोळा. यमनाच्या आधी दोन मिनिटं सगळ्यांचे सूर पुन्हा मिळवायला मोकळी ठेवा, आणि ते श्रोत्यांसमोर करा, लपून नको. पहिली तार ऐनवेळी तुटते आणि तालुक्याला मिळत नाही. तेव्हा लहान-मोठ्या मापाच्या तारांचे दोन जादा संच नागपूरहून या आठवड्यातच मागवून घ्या.